संकेतस्थळाला जागा घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

(संस्थेच्या ताइफ येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या संस्थेने यंदा एक महत्त्वाचा ठराव केला आहे. आजवरच्या स्मरणिका, जयंती व वर्षावासाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे, मुलांचे निबंध आणि ज्येष्ठांची मनोगते संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावयाची, असा तो ठराव आहे. ठराव झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जात आहे : होस्टिंग कोणत्या कंपनीचे घ्यावे? माझा व्यवसाय संगणक-जाळ्याचा असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे यावा हे स्वाभाविकच आहे. तथापि आज मी कोणत्याही कंपनीचे नाव सुचवणार नाही. कंपन्या बदलतात, विकल्या जातात, त्यांचे दर आणि त्यांची सेवा बदलते. विचारावयाचे प्रश्न मात्र फारसे बदलत नाहीत. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला तो आपणा सर्वांस परिचित आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. जाहिरात आणि मित्राची शिफारस यांनाही हाच नियम लागू करावा, एवढीच माझी विनंती आहे.

धम्माच्या मेळाव्यात हा तांत्रिक विषय कशाला, असे कोणास वाटेल. आपल्या चळवळीचा इतिहास पाहिला तर ही शंका राहत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले, १९३० मध्ये ‘जनता’ आले आणि १९५६ मध्ये ‘जनता’चेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या सर्व काळात बाबासाहेबांनी विचारांइतकीच चिंता साधनांची केली. छापखाना आपला असावा म्हणून धडपड केली, आणि त्यातून ‘भारत भूषण’ छापखाना उभा राहिला. तोच पुढे ‘बुद्धभूषण’ झाला. ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या मर्जीवर आपले म्हणणे अवलंबून राहते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आजचा सर्व्हर हा त्या काळच्या छापखान्यासारखाच आहे. तो विकत घेण्याची ऐपत आपल्या संस्थेपाशी नाही आणि तशी गरजही नाही. पण भाड्याने घेताना कोणत्या अटींवर घेत आहोत, हे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

प्रथम तीन गोष्टी वेगळ्या करू. डोमेन नाव म्हणजे दारावरची पाटी आणि पत्ता. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. स्मरणिका, छायाचित्रे, लेख हे त्या खोलीतील आपले सामान. पाटीची नोंदणी हा एक करार, खोलीचे भाडे हा दुसरा करार, आणि सामान तर सर्वस्वी आपलेच. पुष्कळ कंपन्या पहिल्या वर्षी पाटी फुकट देऊन दोन्ही करार एकत्र बांधतात. त्यात सोय आहे, पण खोलीमालकाशी वाद झाला तर पत्ताही त्याच्याच ताब्यात अडकतो. म्हणून डोमेन एका ठिकाणी आणि होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हे थोडे अधिक कष्टाचे असले तरी अधिक सुरक्षित होय.

आता प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न मालकीचा. डोमेन कोणाच्या नावे नोंदले जाईल? नोंदणीत मालक म्हणून संस्थेचे नाव असेल की ज्या कार्यकर्त्याने स्वतःचे कार्ड वापरून पैसे भरले त्याचे? संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यक्तीचे नाव तर तेथे येणार नाही ना? भारतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण आखातात तो अधिक तीव्र होतो. येथे आपण सर्वजण इकाम्यावर राहतो. नोकरी संपली की फायनल एग्झिट घेऊन मायदेशी जावे लागते. येथील मोबाइल क्रमांक इकाम्याशी जोडलेला असतो. माणूस गेला की तो क्रमांक फार काळ त्याचा राहत नाही. बँकेचे खाते बंद होते, म्हणजे कार्डही बंद होते. समजा, संस्थेचे डोमेन अशा एका बंधूच्या नावे आहे. वर्ष उलटते. कंपनी नूतनीकरणाचे पैसे जुन्या कार्डावरून घेऊ पाहते, ते मिळत नाहीत. सूचना जुन्या कार्यालयीन ई-मेलवर जाते, ती कोणी वाचत नाही. खाते उघडू पाहावे तर ओटीपी अशा क्रमांकावर जातो, जो आता दुसऱ्याच कोणाच्या खिशात आहे. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही, तरीही संस्थेचा पत्ता हातातून जातो.

डॉट ऑर्ग किंवा डॉट कॉम यांसारख्या डोमेनची मुदत संपल्यावर साधारणपणे काही दिवसांची सवलत मिळते. ती किती द्यावयाची हे नोंदणी करणारी कंपनी ठरवते. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो, त्यात मोठे शुल्क आकारले जाते. तोही गेला की अल्पावधीतच नाव कोणासही खुले होते. अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेले व्यापारी असतात. उद्या आपल्या जुन्या स्मरणिकेत छापलेला पत्ता उघडावा आणि तेथे जुगाराची जाहिरात दिसावी, अशी वेळ येऊ शकते.

दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात पाडला गेला, हे आपण विसरलेलो नाही. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. परंतु कागदावर ताबा कोणाचा आणि निर्णयाचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न समाजाच्या ठेव्याबाबत किती निर्णायक ठरतात, हे त्या पहाटे सर्वांना दिसले. म्हणून सेवादात्यास स्पष्ट विचारावे : मालक म्हणून संस्थेचे नाव नोंदवता येईल काय? एका खात्यावर दोन किंवा तीन अधिकृत व्यक्ती ठेवता येतील काय? दुसरीकडे जावयाचे झाल्यास हस्तांतरणाचा संकेतांक, ज्यास ऑथ कोड म्हणतात, तो आम्हाला स्वतः काढून घेता येईल काय? ओटीपी मोबाइल संदेशाऐवजी ॲपवरून घेता येईल काय?

दुसरा प्रश्न राखीव प्रतीचा, म्हणजे बॅकअपचा. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून मुंबईस परतले तेव्हा त्यांची पुस्तके आणि सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली आणि अर्धपोटी राहून जमवलेली ती ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. पुस्तके पुन्हा मिळवता येतात. पण हस्तलिखिताची किंवा छायाचित्राची एकच प्रत असेल आणि ती गेली, तर ती कायमची गेली.

संगणकाच्या युगात असे होत नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात ठेवलेल्या होत्या. मूळ प्रतीबरोबर त्याही जळाल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइट साठा नष्ट झाला. त्या साठ्याची दुसरीकडे प्रत नव्हती. इतक्या प्रगत देशाच्या सरकारवर ही पाळी येते, तर महिना काही रियालांच्या भाड्याच्या खोलीत ठेवलेल्या आपल्या ठेव्याची कथा काय?

म्हणून विचारावे : बॅकअप रोज घेता की आठवड्याने? तो किती दिवस ठेवता? मूळ सर्व्हर ज्या इमारतीत आहे त्याच इमारतीत ठेवता की दुसऱ्या शहरात? आमच्या हातून चुकून काही पुसले गेले तर परत बसवून देण्याचे वेगळे पैसे घेता काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, संपूर्ण प्रत आम्हाला स्वतः उतरवून घेता येते काय? संकेतस्थळाच्या फाइली आणि डेटाबेस अशी दोन्ही अंगे त्या प्रतीत असावी लागतात. नुसत्या फाइली उतरवल्या तर भिंती मिळतात, पण लेख डेटाबेसमध्येच राहतात. जाणकारांचा साधा नियम असा आहे की, एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि निदान एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आपल्याला हे अवघड नाही. एक प्रत सर्व्हरवर, एक ताइफमध्ये हार्ड डिस्कवर आणि एक महाराष्ट्रात, एखाद्या परतलेल्या सभासदाच्या घरी.

तिसरा प्रश्न सर्व्हर कोठे आहे याचा. आपले वाचक दोन तीरांवर आहेत : आपण येथे, आणि आपले आईवडील, भावंडे नागपूर, औरंगाबाद, नांदेड, मुंबईकडे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. वेग प्रचंड आहे, पण एक पान उघडताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात अनेकदा जा-ये होते आणि प्रत्येक फेरीत अंतर मोजले जाते. अमेरिकेतील सर्व्हरवरून येणारे पान मुंबईच्या सर्व्हरपेक्षा आपल्याला उशिराच दिसेल. आता जवळचे पर्यायही आहेत. ॲमेझॉनची केंद्रे मुंबईत २०१६ पासून आणि बहारीनमध्ये २०१९ पासून आहेत. ओरॅकलचे केंद्र जेद्दाहमध्ये २०२० साली आणि गूगलचे दम्माममध्ये २०२३ साली सुरू झाले. पुष्कळ लहान होस्टिंग कंपन्या अशाच मोठ्या केंद्रांतून जागा घेऊन पुढे भाड्याने देतात. म्हणून कंपनीचे कार्यालय कोठे आहे हे न विचारता सर्व्हर कोणत्या शहरात आहे, हे विचारावे.

अंतराइतकाच मार्गही महत्त्वाचा. आखात आणि भारत यांच्यातील बहुतेक माहिती समुद्राखालच्या केबलींतून जाते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या तेव्हा आखातापासून भारतापर्यंत इंटरनेट रखडले होते. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तर आपल्याच शेजारी, जेद्दाहजवळच्या समुद्रात, एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलींत बिघाड झाला. या दोन्ही केबली जेद्दाह आणि मुंबई येथे किनाऱ्यास लागतात. अशा वेळी माहिती दुसऱ्या, लांबच्या मार्गाने वळवली जाते. जेद्दाहहून ताइफला येताना आपली कुटुंबे मक्का शहराला वळसा घालून येतात. वेळ थोडा अधिक लागतो, पण आपण पोचतो. सेवादात्यास हेच विचारावे : तुमच्या केंद्रास बाहेर जाण्याचे मार्ग किती? संकेतस्थळाच्या प्रती अनेक देशांत ठेवून वाचकाला जवळची प्रत देणारी सीडीएन ही सोय तुमच्याकडे आहे काय? आणि पैसे भरण्यापूर्वी त्यांच्या सर्व्हरवरील एखादे पान ताइफमधून मोबाइलवर आणि त्याच दिवशी गावाकडून उघडून पाहावे. ते येथे उघडते की नाही, हे ही एक चाचणीच सांगेल.

चौथा प्रश्न आपल्या मायमराठीचा. जुन्या स्मरणिका श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फाँटांत जुळवलेल्या असतात. त्या फाइलींत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरे नसतातच. रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘धम्म’ या शब्दाचे अर्थहीन रोमन चिन्हांत रूपांतर होते आणि शोध घेतला तर काहीच सापडत नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितशोधन करूनच चढवावा लागेल.

येथेही सेवादात्यास विचारावयाचे आहे. डेटाबेसची संकेतप्रणाली यूटीएफ-८ आहे काय, आणि मायएसक्यूएल असेल तर ती ‘यूटीएफ-८ एमबी-४’ या पूर्ण प्रकारातील आहे काय? जुन्या मायएसक्यूएलमध्ये आपोआप मिळणारी व्यवस्था युरोपीय अक्षरांपुरती असे. तिच्यात मराठी मजकूर भरला तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती पुन्हा मराठी करता येत नाही. एक लेख चढवून, बॅकअप घेऊन, तो दुसऱ्या जागी परत बसवून पाहावा. ‘ज्ञ’, ‘र्‍या’, ‘ॲ’ ही अक्षरे शाबूत राहिली तर व्यवस्था ठीक समजावी.

पाचवा प्रश्न मर्यादांचा. ‘अनलिमिटेड’ ही जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. जागा अमर्याद म्हणणारी कंपनी फाइलींच्या संख्येवर, ज्यास आयनोड म्हणतात, मर्यादा घालते. प्रोसेसरचा वापर आणि एकाच वेळी येणारे वाचक यांवरही मर्यादा असते. ती करारातील बारीक अक्षरांत असते, म्हणून आकडा मागून घ्यावा. त्याआधी आपली गरज आपणच मोजावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. एका पानावर २ हजार चिन्हे धरली तर हजार पानांचा मजकूर सुमारे ६ मेगाबाइट होतो, म्हणजे मोबाइलवरील दोन-तीन छायाचित्रांएवढा. छापील पानांची प्रतिमा काढून ठेवली आणि प्रत्येकी १ मेगाबाइट धरली, तर २ हजार पानांना २ गिगाबाइट पुरतात. आपली जागेची गरज लहान आहे. भाषणांच्या चित्रफिती मात्र या जागेत भरू नयेत. त्यांची मूळ प्रत आपल्यापाशी ठेवून त्या चित्रफितींसाठीच असलेल्या सेवेवर ठेवाव्यात.

याच प्रश्नाचा दुसरा भाग म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील. ९९ टक्के ही हमी कानाला भरघोस वाटते. पण वर्षाचा १ टक्का म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. हे पावणेनऊ तास नेमके १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर रोजी आले तर? त्या दिवशीच आपले वाचक सर्वाधिक असणार. म्हणून त्या दिवशी एकदम गर्दी झाली तर संकेतस्थळ बंद कराल की तात्पुरती क्षमता वाढवून द्याल, आणि हमी मोडली तर काय द्याल, हेही विचारावे. बहुधा भाड्यातील थोडी सूट एवढेच उत्तर मिळते. ते आधी माहीत असलेले बरे.

सहावा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो केवळ यंत्राच्या नव्हे, माणसांच्या सुरक्षिततेचा आहे. संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएस असा सुरू व्हावयास हवा; त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून २०१५ पासून विनामूल्य मिळते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कारण विचारावे. पीएचपी आणि इतर प्रणाली अद्ययावत कोण ठेवणार, तुम्ही की आम्ही? एकाच सर्व्हरवर शेकडो ग्राहक असतात, तेथे शेजाऱ्याच्या खोलीत शिरलेला चोर आमच्या खोलीत येऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे? आंबेडकरी विचार मांडणाऱ्या संकेतस्थळावर द्वेषाने हल्ला होणे अशक्य नाही. खोट्या वाचकांचा लोंढा सोडून सर्व्हर बंद पाडतात, त्यास डीडॉस म्हणतात. असा हल्ला झाला तर तुम्ही तो अडवाल की इतर ग्राहक वाचवण्यासाठी आमचेच संकेतस्थळ बंद कराल? सरळ उत्तर देणाऱ्या कंपनीला आपण अधिक गुण द्यावेत.

सभासदांच्या यादीबद्दल माझे मत कठोर आहे. नाव, पासपोर्ट क्रमांक, इकामा क्रमांक, घरचा पत्ता, धर्म आणि जात या गोष्टी संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये ठेवूच नयेत. जे साठवलेले नाही ते चोरीस जात नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी परदेशात येऊन प्रथमच असे जीवन अनुभवले, जेथे आडनाव ऐकून कोणी वागणूक बदलत नाही. कोणाची ओळख कोठे उघड व्हावी हा त्याचा स्वतःचा अधिकार आहे. संस्थेच्या निष्काळजीपणामुळे तो हिरावला जाऊ नये. मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय ठेवू नयेत. कायदाही आता याच दिशेने आहे. सौदी अरेबियाचा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा १४ सप्टेंबर २०२३ पासून अमलात आला आणि १४ सप्टेंबर २०२४ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. भारतानेही २०२३ साली असा कायदा संमत केला आहे. शिवाय येथे २००७ पासून सायबर गुन्ह्यांविरुद्धचा कायदा आहे, त्यात सार्वजनिक सुव्यवस्था व धार्मिक मूल्ये यांना बाधक मजकुराबाबत कडक तरतुदी आहेत. या देशाच्या कायद्याचा आणि येथील समाजाच्या भावनांचा मान राखूनच आपण एकत्र येत असतो. तोच विवेक संकेतस्थळावरही हवा. सर्व्हर परदेशी ठेवला म्हणून येथे राहणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

सातवा प्रश्न निरोपाचा. घर भाड्याने घेताना सोडण्याची अट आपण वाचतो, तशी येथेही वाचावी. आमच्या एखाद्या लेखाविरुद्ध कोणी तक्रार केली तर आम्हाला आधी कळवाल काय, आणि उत्तर देण्यास किती मुदत द्याल? भाडे थकले तर किती दिवसांनी सामान पुसून टाकाल? कंपनी बंद झाली वा विकली गेली तर काय? याहू कंपनीने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज ही विनामूल्य सेवा बंद केली, तेव्हा जगभरच्या सामान्य माणसांनी हौसेने उभी केलेली लक्षावधी पाने तिच्याबरोबर गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जी उतरवून घेतली तेवढीच वाचली. फुकटच्या जागेत भाडेकरूचा शब्द चालत नाही. ज्या सेवेत केवळ त्यांच्याच साच्यात पाने बनतात आणि बाहेर नेता येत नाहीत, ती कितीही देखणी असली तरी आपल्या कामाची नव्हे. वर्डप्रेससारखी मुक्त प्रणाली असेल तर सर्व सामान उचलून दुसऱ्या खोलीत मांडता येते.

शेवटचा प्रश्न पैशांचा आणि मदतीचा. पहिल्या वर्षाचा दर हा आमंत्रणाचा दर असतो. विचारावे तो दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीचा, कर धरून. मदत कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने मिळते? येथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, भारतात रविवारी. तुमचा माणूस यांपैकी कोणत्या दिवशी भेटेल? पैसे भरण्यापूर्वी एक तांत्रिक प्रश्न लिहून पाठवावा आणि उत्तर किती वेळात व किती नेमके येते ते पाहावे. ग्राहक होण्यापूर्वी जो नीट उत्तर देत नाही, तो पुढे देईल अशी आशा करू नये.

हे आठही प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत. तोंडी दिलेली हमी संकटाच्या दिवशी सापडत नाही. निदान तीन कंपन्यांची उत्तरे कार्यकारिणीपुढे शेजारी शेजारी मांडावीत आणि मगच निवड करावी.

कार्यकारिणीपुढे मी तीन सूचना ठेवतो. एक, डोमेन आणि होस्टिंग ही दोन्ही खाती संस्थेच्या ई-मेलवर असावीत आणि त्यांचे अधिकार तिघांकडे असावेत. त्यांपैकी एक जण महाराष्ट्रात कायम राहणारा असावा. जो फायनल एग्झिटवर जाईल त्याने निरोपसमारंभापूर्वी हा अधिकार लेखी सोपवावा, हिशेबाची वही सोपवतात तसा. दोन, खात्यांची नावे, मुदतीच्या तारखा आणि बॅकअपच्या जागा लिहिलेली एक कागदी वही खजिनदाराकडे असावी. पासवर्ड तिच्यात न लिहिता बंद लिफाफ्यात वेगळे ठेवावेत. तीन, दरवर्षी १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तनदिनाच्या निमित्ताने, राखीव प्रत उघडून ती खरोखर चालते याची परीक्षा घ्यावी. हे काम आपल्या तरुण मुला-मुलींकडे द्यावे. त्या निमित्ताने त्यांचे हात त्या जुन्या स्मरणिकांना लागतील आणि आपल्या वडिलांनी काय लिहिले होते ते त्यांच्या वाचनात येईल.

बंधू-भगिनींनो, या डोंगरी शहरात आपल्यापैकी कोणीही कायमचा राहणार नाही. येथील रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या आपल्या भगिनी, कार्यशाळांत आणि बांधकामांवर राबलेले आपले बंधू, भाड्याच्या खोलीत पंचशील म्हणावयास शिकलेली आपली मुले, हे सर्व एक दिवस येथून निघून जातील. त्यांनी लिहिलेले, बोललेले आणि जपलेले जे काही असेल, तेच या परदेशातील आंबेडकरी जीवनाचा पुरावा म्हणून मागे राहील. आपल्या पूर्वजांच्या पिढ्यांमागून पिढ्या लेखी खूण न ठेवता गेल्या, कारण त्यांच्या हातात लेखणीच येऊ दिली गेली नाही. आपल्या हातात लेखणी आहे, छपाई आहे आणि आता संकेतस्थळही येत आहे. एका चुकलेल्या नूतनीकरणापायी किंवा न घेतलेल्या प्रतीपायी हा ठेवा गेला, तर त्याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. म्हणून प्रश्न विचारावेत, उत्तरे तपासावीत आणि मगच सही करावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!